चंदनाताईंनी ताट घेतलं नाही

मी भांडकुदळ आहे, हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. म्हणून चंदनाताईंबद्दल मीच लिहिते. त्या स्वतःबद्दल चार शब्द बोलतील तर शपथ.

चंदनाताई मगदूम. विश्रामबागेत त्यांची माती-पाणी तपासायची प्रयोगशाळा, आणि नऊ वर्षं मी तिथं त्यांच्या हाताखाली. बाटल्या धुणं, नमुने घेणं आणि आल्यागेल्याशी बोलणं माझ्याकडे. बोलणं ताईंना जमतच नाही. कवठे महांकाळहून द्राक्षबागायतदार यायचे. ताई विचारायच्या, माती बागेच्या कुठल्या भागातली, किती खोलीवरची. संपलं. पाऊसपाणी नाही, पोरंबाळं नाही. पण त्यांचा अहवाल कधी चुकला नाही. शंका आली तर तोच नमुना तिसऱ्यांदा तपासायच्या.

मग आले गोड बोलणारे शेती सल्लागार. त्यातला शिवतेज तर बांधावर उतरला की आधी घरच्या मामींच्या गुडघ्याची चौकशी करायचा आणि मग पानाकडं न बघताच औषध सांगायचा. बोलणाऱ्याची बोरंही विकतात म्हणतात, ती मी डोळ्यांदेखत विकताना पाहिली. आमच्याकडे येणारे नमुने निम्म्यावर आले. एकच आशा उरली. आठ गावांच्या बागायतदारांचा गट यंदा सगळी तपासणी एकाच ठिकाणी देणार होता. ते काम मिळालं तर प्रयोगशाळा चालणार, नाहीतर वर्षाअखेरीस कुलूप. आम्हा दोघींनाही हे पक्कं ठाऊक होतं.

गटाचे अध्यक्ष पृथ्वीराज आबा यांनी छाटणीच्या आधी स्नेहमेळावा ठेवला. आम्हालाही बोलावणं होतं. ताई नको म्हणत होत्या, मीच ढकललं. आठ दिवस तालीम घेतली. आधी गाव विचारायचं, मग पोरं काय करतात ते, आणि काहीच सुचलं नाही तर समोरच्याच्या बागेबद्दल बोलायचं. ताईंनी शाळकरी मुलीसारखं वहीत लिहून घेतलं. त्या वहीचा मला आजही राग येतो, कारण त्यातला शब्द न् शब्द माझा होता.

हॉलवर पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. ताई जैन, सूर्यास्तानंतर काही खात नाहीत. या भागात गावोगावी जैन घरं आहेत, हे कुणाला माहीत नाही? तरी जेवण आठ वाजता. अशा ठिकाणच्या गप्पा हातातल्या ताटाच्या आधारानं होतात. ताट नसलेल्यानं कुठल्या घोळक्यात शिरायचं? ताई भिंतीपाशी रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या. आबा स्वतः ताट वाढून घेऊन आले. ताईंनी नुसती मान हलवली. कारण सांगायला एक वाक्य पुरलं असतं, तेही निघालं नाही, आणि मी मेली जेवणाच्या रांगेत. यजमानानं हातानं दिलेलं ताट आमच्याकडं परत करत नाहीत. आबांचा चेहरा पडला. तरी त्यांनी हसून विचारलं, "मग मॅडम, सगळं ठीक हाय न्हवं?"

याला 'हो' म्हणून सोडून द्यायचं असतं. पण आबांच्या विहिरीचं पाणी आदल्या दिवशीच तपासायला आलं होतं. ताईंना वाटलं, ते त्याचंच विचारतायत. शिवाय बागेबद्दल बोलायचं, हे मीच शिकवलेलं.

"ठीक नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाण्यात क्षार फार आहेत. हेच पाणी देत राहिलात तर बाग जाईल."

शेजारी उभा असलेला शिवतेज म्हणाला की, तरीच मॅडम आबांच्या घरचं जेवत न्हाईत. सगळे हसले. आबाही हसले. तपासणीचं काम शिवतेजच्या ओळखीतल्या प्रयोगशाळेला गेलं. परत येताना ताईंनी मला विचारलं, वहीतलं नेमकं काय राहून गेलं? 

दिवाळी होऊन महिना झाला आणि आबा दारात उभे. हातातल्या पिशवीत कडा जळलेली पानं. खुर्चीत बसून त्यांनी अर्धा तास थंडी, धाकट्याचं कॉलेज आणि फलटणचे पाहुणे असं सगळं सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं, मग पानं हातात घेतली. विहिरीचं पाणी बंद करा, कालव्याचं द्या, क्षार उतरायला मुळाशी जिप्सम टाका. आबांनी मान डोलावली आणि वर म्हणाले, "आवं मॅडम, हे असं त्या दिवशी बोलला असता तर? माणसात मिसळाय शिका जरा."

माझं टाळकं सरकलं. हातातली बाटली मी टेबलावर आपटली.

"आबा, त्या बोलल्या हुत्या. त्या हॉलात कामाचं त्या एकट्याच बोलल्या. तुमी हसला."

आबा पिशवीची घडी घालत राहिले. मग म्हणाले की झालं गेलं सोडा, पुढच्या हंगामात आठही गावांचे नमुने इथंच देऊ.

"पुढच्या हंगामात आम्ही नसू," ताई म्हणाल्या. "शनिवारी सामान हलवतोय."

सांगितलेलं सगळं त्यांनी नीट कागदावर लिहून, खाली सही करून तो आबांच्या हातात दिला.  एवढा बोलका माणूस, कागद घेऊन दारात तसाच घुटमळला. मी चहासुद्धा विचारला नाही.