शांतता समितीत दोन बायका

शांतता समितीत चार वर्षं बसलं की माणूस शांत होतो, असा कुणाचा समज असेल तर तो आधी काढून टाका. माझी बीपीची गोळी तिथूनच सुरू झाली! किस्से मात्र इतके साठलेत की एक सांगायला जावं तर मागचे चार आपोआप निघतात. परवा सून म्हणाली, "आई, लिहूनच काढा हो. जेवताना रोज आम्हीच किती ऐकायचं?" म्हणून बसलेय लिहायला.

समिती म्हणजे काय, तर सणवार जवळ आले की पोलीस स्टेशनात दोन्ही समाजांतल्या जाणत्या माणसांना बोलावतात, चहा पाजतात आणि "सण शांततेत पार पाडा" असं सांगून घरी पाठवतात. माणसं आधीपासून शांतच असतात, म्हणून तर बोलावलेली असतात. ज्यांना सांगायला हवं ते बाहेर टपरीवर बसलेले असतात.

एकदा वरून पत्र आलं की समितीत महिला पाहिजेत. आमचे अध्यक्ष तात्या, किराणा दुकानवाले. ते साहेबांना म्हणाले, "एक जाधव बाई आहेत. शाळेतून रिटायर झाल्यात, रिकाम्याच असतात." रिकाम्याच! पलीकडच्या गल्लीतून नसीम आपांचं नाव निघालं. त्या शिवणक्लास चालवतात.

पहिल्या बैठकीआधी हवालदाराचा फोन आला. "बाई, येताना औक्षणाचं ताट आणा. साहेब नवे आलेत."

मी विचारलं, "आणि बोलायचं कधी?"

"ओवाळताना कुणी बोलतंय व्हय, बाई?"

* * *

आता फाटकाचं सांगते, कारण सगळा जीव तिथंच अडकला होता.

आमची गल्ली आणि नसीम आपांची गल्ली मधल्या बोळानं जोडलेली. मागं कधी दंगल झाली तेव्हा त्या बोळात लोखंडी फाटक बसवलं. एरवी ते उघडंच असायचं, पोरं त्यावर झोके घ्यायची. दोन वर्षांपूर्वी एका मिरवणुकीत दगडफेक झाली आणि त्याला कुलूप लागलं. "तात्पुरतं" लागलं बरं का! आठ महिने तात्पुरतंच होतं.

मुलींची शाळा आमच्या बाजूला. मी तिथंच तीस वर्षं गणित शिकवलं. पलीकडच्या मुली बोळातून दोन मिनिटांत यायच्या. कुलूप लागल्यावर त्यांना मोठ्या रस्त्यानं फिरून यावं लागायचं आणि त्या रस्त्यावर टपऱ्यांपाशी रिकामटेकडी टोळकी. तिसऱ्याच महिन्यात दोन मुलींना घरच्यांनी शाळेतून काढलं. त्यातली एक वर्गात पहिली यायची. हे कळलं त्या दिवशी मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा संताप जास्त आला.

नसीम आपांची नात सना दहावीत होती. तिचा बाप रोज म्हणायचा, "बस हो गया अब." आपा रोज त्याला एक दिवस पुढं ढकलायच्या. आम्हा दोघींना समितीकडून एवढंच हवं होतं. कुलूप काढा. पोरीची परीक्षा होऊ द्या.

* * *

कुलूप लागल्यानंतरच्या एका बैठकीला मी मुद्दाम अर्धा तास आधी गेले. म्हटलं, फाटकाचा विषय लिहून घ्यायला लावावा. राईटर, म्हणजे स्टेशनातला लिखापढीचा शिपाई, कॉम्प्युटरवर काहीतरी टाईप करत होता. डोकावून पाहिलं तर त्याच बैठकीचा वृत्तांत! बैठक सुरू व्हायची होती आणि हा शेवटच्या ओळीवर पोचलेला.

त्यात सगळं होतं. साहेबांनी मार्गदर्शन केलं. तात्यांनी ग्वाही दिली. फाटकाचा विषय पुढील बैठकीत घेण्याचं सर्वानुमते ठरलं.

मी म्हटलं, "अहो, अजून कुणी आलंसुद्धा नाही!"

"बाई, लाईट जाती नंतर. आधीच करून ठेवतो."

"आणि आम्ही काय बोललो ते?"

त्यानं स्क्रीन थोडी वर सरकवली. "हे काय, लिहिलंय की. महिला सदस्यांनी आभार मानले."

* * *

प्रजासत्ताक दिनाला आम्हा दोघींचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि भलंमोठं स्मृतिचिन्ह. पेपरसाठी फोटो हवा होता. कुणाच्या तरी डोक्यात आलं, दोन्ही गल्ल्यांच्या मधोमध घेऊ, म्हणजे एकोपा दिसेल. नेलं आम्हाला बोळात.

मी अलीकडून, आपा पलीकडून, मध्ये फाटक. आम्ही गजांतून हात घालून हातात हात दिले. आपांची शाल गजाला अडकली. फोटोवाला बराच वेळ मागं-पुढं झाला, मग वैतागला.

"बाई, जरा डावीकडं सरका ना. कुलूप दिसायलंय."

मी म्हटलं, "दिसू द्या की! त्याच्यासाठीच तर ओरडतोय."

"नाय बाई, फोटो चांगला दिसत नाय त्यानं."

फोटो छान आला. कुलपाच्या जागी माझं डोकं आहे.

* * *

जयंतीच्या वेळचा प्रसंग तर हसावं की रडावं असा. आमच्या गल्लीत, बोळाच्या तोंडाशी, आंब्याच्या डहाळ्यांची कमान उभारली होती. सकाळी बघतात तर एका बाजूची सगळी पानं गायब. झालं! "त्यांनी तोडली," असं कुणीतरी म्हणालं आणि दहा मिनिटांत तीस-चाळीस जण बोळात जमा. तिकडं गलका ऐकून पलीकडेही तेवढेच. मध्ये फाटक. काठ्या दिसायला लागल्या.

मी स्वयंपाक टाकून धावले. हाताला पीठ तसंच. "अरे, फाटक सहा महिने बंद आहे. तिकडचा माणूस आला कुठून?"

लहानपणी माझ्या घरी शिकवणीला यायचा तो एक म्हणाला, "उडी मारून आला असंल."

"उडी मारून आला, पानं खुडली आणि पानं घेऊन परत उडी मारून गेला? कशाला रे? आंबे तरी होते का त्याला?"

तेवढ्यात पलीकडून गजांमधून नसीम आपांचा आवाज आला. "बाई! ओ बाई! पिच्छे देखो जरा!"

मागं तात्यांची शेळी. कमानीच्या दुसऱ्या बाजूला पुढचे दोन पाय टेकून उभी आणि उरलेली पानं शांतपणे संपवत होती. तोंडातून डहाळी लोंबत होती.

 आधी पलीकडचा एक म्हातारा हसला, मग इकडचे दोघं हसले, आणि काठ्या हळूच पाठीमागं गेल्या. आपा म्हणाल्या, "इसकू भी ले लो समिती में. ये तो सबसे पैले पहुँची!"

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. अध्यक्षांच्या मध्यस्थीमुळं अनर्थ टळला. तात्या त्या वेळी फुलंब्रीला साखरपुड्यात जेवत होते!

* * *

समितीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. अफवा रोखण्यासाठी. त्यात आम्ही दोघी नव्हतो. मी कारण विचारलं तर उपाध्यक्ष म्हणाले, "तसं नाही बाई, पण लेडीज लोक फॉरवर्ड फार करतात."

पंधरा दिवसांनी त्याच उपाध्यक्षांनी त्याच ग्रुपवर कुठल्या तरी परमुलखातल्या जाळपोळीचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "आत्ताचा, आपल्या चौकातला. सावध राहा." मी त्या वेळी त्या चौकातच कोथिंबीर घेत होते. भाजीवाल्याच्या मोबाईलवर व्हिडिओ आला, त्यानं मान वर करून चौक पाहिला, परत मोबाईल पाहिला आणि दुकान आवरायला लागला!

मी म्हटलं, "अरे बाबा, तू चौकातच उभायस ना? कुठं दिसतेय का जाळपोळ?"

"नाय दिसत, बाई. पण व्हिडिओ आलाय ना."

* * *

मग एक शिबिर झालं. विषय मोठा होता, शांतता आणि सुरक्षेत महिलांचा सहभाग. हॉटेलात एसी हॉल, जेवणात पनीर. मुंबईहून आलेल्या मॅडम तरुण होत्या, मनानं चांगल्या होत्या, उगाच नावं ठेवणार नाही. त्यांनी सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या दिल्या. "शांततेसाठी तुम्हाला सर्वांत जास्त काय हवंय, ते एका शब्दात लिहा."

कुणी प्रेम लिहिलं, कुणी विश्वास. फर्दापूरच्या एक बाई होत्या, त्यांनी पर्यटक लिहिलं. भांडणं झाली की लेणी बघायला कुणी येत नाही आणि मग हार-माळा विकायच्या कुणाला, हा त्यांचा सरळ हिशेब. नसीम आपांनी लिहिलं, किल्ली.

मॅडम हरखल्या. चिठ्ठी उंच धरून म्हणाल्या, "किती सुंदर! किल्ली! मनाची बंद दारं उघडणारी, संवादाची किल्ली!" टाळ्या झाल्या. चिठ्ठी बोर्डवर मधोमध लागली.

आपा उभ्या राहिल्या. "नक्को नक्को, मॅडम. फाटक की किल्ली. बोळ में जो फाटक है ना, उसकी. आपके पास किसी साब का नंबर है क्या?"

मॅडमनी नंबर दिला. तो लागला, हे मोठंच. ते साहेब म्हणाले, किल्ली महापालिकेकडं असेल. महापालिकेत म्हणाले, पोलिसांकडं. पोलीस म्हणाले, अध्यक्षांकडं. तात्यांनी गल्ल्याचा खण माझ्यासमोर उपडा केला. त्यात चौदा किल्ल्या निघाल्या. आम्ही दोघी एकेक करून लावत बसलो, कुलपाचं तोंड पलीकडं, म्हणून मी अलीकडून किल्ली द्यायची, आपांनी पलीकडून कुलपात घालायची. एकही लागली नाही.

मी तात्यांना म्हटलं, "कुलूप तोडू या."

तात्या दचकले. "बाई! समितीत बसून तोडाफोडीची भाषा?"

* * *

आणि मग दहावीचा पहिला पेपर.

आदल्या दिवशी संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर दोन मोटारसायकली एकमेकींना घासल्या. एक पोरगा इकडचा, एक तिकडचा. पुढचं सांगायला नको. सकाळी रस्त्यावर बॅरिकेड, रिक्षा बंद, टपऱ्यांपाशी घोळके. साडेनऊला आपांचा फोन आला. एरवी खणखणीत बोलणारी बाई कुजबुजत होती. "बाई, इसका बाप नै बोल रहा. बोलता, रस्ता ऐसा है, पेपर गया तो गया. बच्ची बुरखा पैन के, हॉल तिकीट लेके बैठी है."

मी म्हटलं, "बोळात आणा तिला."

आणा म्हटलं खरं, पण आणून करायचं काय, ते मला तरी कुठं माहीत होतं! मी साहेबांना फोन केला, ते बंदोबस्तात. तात्यांना केला, तात्या म्हणाले, "पुढच्या बैठकीत नक्की घेऊ." माझं माहेर पिशोरचं. तिथल्या बाजारात ऐकलेल्या ज्या शिव्या तीस वर्षं शाळेत गिळल्या, त्यातली एक त्या दिवशी फोनवर सुटली. मला अजून तिचा पस्तावा नाही.

बोळात गेले. पलीकडं आपा, सना आणि दहा-बारा बायका. माझ्या मागं आमच्या गल्लीतल्या तेवढ्याच. सना गजाला धरून उभी, हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत. शाळा तिथून दिसत होती. मुली आत जातानाही दिसत होत्या. पोरगी नुसती तिकडं बघत होती.

तेवढ्यात आमच्या मागच्या घरात राहणारी कांताबाई पुढं आली. वाळूजला फॅब्रिकेशनच्या दुकानात हेल्पर आहे, दिवसभर फाटकं आणि खिडक्याच उचलते. समितीत तिला कुणी बोलावलेलं नाही. तिनं कुलपाकडं पाहिलंसुद्धा नाही. वाकून कडेच्या बिजागरीला बोट लावलं, मग दुसऱ्या कडेच्या.

"बाई, ह्ये खुंट्यावर नुसतं ठिवल्यालं हाय. वरून अडकण बी नाय."

"म्हणजे?"

"म्हंजे उचला की!"

पदर खोचले गेले, ओढण्या बांधल्या गेल्या. अलीकडून बारा, पलीकडून तेरा. आपांनी "या अल्लाह" म्हटलं, आमच्या बाजूनं "बोला जय भवानी" झालं, आणि फाटक कुरकुरत वर आलं. दोन्ही दारं एकत्रच, कुलपासकट. भिंतीला नेऊन टेकवलं. कांताबाई ओरडत होती, "पायावर नका घिऊ! सना, जा तू, पळ!"

सना पळाली. बुरखा एका हातानं वर धरून अशी पळाली की मी तिला खेळाच्या तासालाही कधी तसं पळताना पाहिलं नव्हतं. मी तिथंच पायरीवर बसले आणि रडले. आपा शेजारी बसून माझ्याच पदरानं डोळे पुसत होत्या.

बाराच्या सुमाराला साहेब आले. मागं दोन शिपाई, त्यांच्या मागं घामाघूम तात्या. बोळ मोकळा. बायका इकडून तिकडं जात होत्या, कुणी कुणाच्या घरचं पाणी पीत होतं.

साहेब कडाडले, "कुलूप कुणी तोडलं?"

 एक शिपाई भिंतीपाशी गेला, वाकला आणि चाचरत म्हणाला, "साहेब, कुलूप शाबूत हाय."

साहेबांनी स्वतः जाऊन कुलूप हातात धरलं. दोनदा ओढून पाहिलं. घट्ट होतं.

"मग फाटक उघडलं कुणी?"

कांताबाईनं हात झटकले आणि शांतपणे म्हणाली, "कुणी नाय उघडलं, साहेब. बंदच हाय की ते. बघा ना."