आधी टहाळा, मग काडी

मी आठवीत असताना आम्ही अख्खा पावसाळा चुलत्याच्या गोठ्यात काढला. दोन म्हशी, एक बैलजोडी आणि आम्ही चौघं. म्हशींनी तक्रार केली नाही, चुलतीने केली. आमचं घर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, कुडाचं, गवताने शाकारलेलं. ते जाळायला कुणी वैरी आला नव्हता. आमच्या आबांनीच, म्हणजे वडिलांनीच, जाळलं होतं.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात. रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरून पेटवून द्यायचं. रीत अशी की काडी लावण्याआधी चारी कडांना माणसं उभी करायची, प्रत्येकाच्या हातात ओला टहाळा, म्हणजे हिरव्या पाल्याची फांदी, आग सरकली की झोडपायला. त्या वर्षी आबांना घाई होती. आई म्हणाली, "माणसं येऊ द्या की." आबा म्हणाले, "वारं न्हाई, काय न्हाई. आधी पेटू दे, मग राहू उभं." वारं थोड्या वेळाने आलं. मग सगळे उभे राहिले. घराभोवती, बघत.

हे सांगायचं कारण, पुढे मला पुण्यात मोठे शिकलेले लोक भेटले.

ओतूरच्या कॉलेजातून मी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि हे मी लाजत सांगत नाही. दूध संकलन केंद्रांची मशीनं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागले. त्यानंतर कायम करतील, नाहीतर घरी पाठवतील. पाचव्या महिन्यात शिनोलीच्या केंद्रावरून तक्रार आली: थंडीत सकाळी मशीन चालूच होत नाही. साहेबांनी काम माझ्या टेबलावर टाकलं. "हे सुटलं तर पुढचं बघू," म्हणाले. पुण्यात, आमच्या उबदार ऑफिसात, मशीन झकास चालत होतं.

बटण दाबल्यावर प्रोसेसर सगळ्यात आधी जो कोड चालवतो, तो मी उघडला. प्रोसेसर कुठे अडखळला, समजा मेमरीतल्या हाती न लागणाऱ्या जागी वाचायला गेला, की हातातलं टाकून तो एका ठरलेल्या जागी उडी मारतो. तिथे एक्सेप्शन हँडलर बसवायचा असतो, म्हणजे काय बिघडलं आणि कुठल्या ओळीवर बिघडलं हे सांगणारा छोटा कोड. आमच्याकडेही तो होता. पण कधी? मेमरी जोडून झाली, पडद्यावर कंपनीचं चिन्ह झळकलं, त्यानंतर. त्याआधी काही झालं तर प्रोसेसर रिकाम्या जागी उडी मारायचा आणि गप्प व्हायचा.

"सर, हँडलर पहिल्यांदा बसवायला पाहिजे."

"त्या पहिल्या ओळी मी लिहिल्यात. त्या पडत नाहीत."

"मग मशीन कशाने पडतं?"

"तिकडच्या लाइटीने. तुमच्या गावाकडची लाइट, तुलाच ठाऊक."

वारं न्हाई, काय न्हाई. फरक इतकाच की आबा निदान नंतर ओशाळले होते.

मी साहेबांचं मत आदराने ऐकलं, हँडलर उचलून पहिल्या ओळींत आणला आणि लॅपटॉप घेऊन गावी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिनोलीच्या केंद्रावर किटल्यांची रांग लागलेली. मफलर गुंडाळलेले केंद्राचे सचिव दारातच होते.

"या पावणं. मशीन उठवायला आलात का त्याच्या दहाव्याला?"

नवा कोड मशीनमध्ये भरला, लॅपटॉप जोडलेलाच ठेवला आणि बटण दाबलं. मशीन बंद. लॅपटॉपवरही एक अक्षर नाही. रांगेतून एक आजी बोललीच, "लई शिकलीया म्हणं."

संध्याकाळी घरी, आता पत्र्याच्या झालेल्या घरी, आबांना सगळं राबाच्या भाषेत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"माणूस उभा केला व्हता ना कडंला?"

"केला होता."

"मग त्याच्या हातात टहाळा व्हता का? का नुसताच उभा?"

हे विचारताना त्यांनी वर पत्र्याकडे बघितलं नाही. मीही नाही.

मी लॅपटॉप उघडला. हँडलरला काम करताना टिपणं ठेवायला थोडी मेमरी लागते, तिला स्टॅक म्हणतात. मी हँडलर आधी आणला, पण त्याची स्टॅक जुन्याच जागी, पार शेवटी लावली जात होती. म्हणजे हँडलर धावत आला आणि हात रिकामे म्हणून स्वतःच कोसळला. पदवीधर बाईची चूक, लपवत नाही. प्रोसेसरच्या पोटातच थोडी मेमरी असते, ती चालू झाल्या क्षणापासून हजर. स्टॅक तिथे लावली, हँडलरच्याही आधी.

दुसऱ्या सकाळी मशीन पुन्हा अडकलं. पण लॅपटॉपवर एक ओळ उमटली.

सचिव वाकून म्हणाले, "आवो, बंदच हाये की आजून!"

"बंद आहे, पण बोललं."

"काय बोललं?"

"चूक कुणाची ते."

जी ओळ कधीच पडत नाही, तीच पडली होती. प्रोसेसरच्या बाहेरची मोठी मेमरी तयार झाली का, हे न विचारताच साहेबांची ओळ तिच्यात वाचायला जात होती. पुण्याच्या उबेत मेमरी वेळेत जागी व्हायची. शिनोलीच्या गारठ्यात तिला जरा वेळ लागायचा, जसा सगळ्यांनाच लागतो. मी तेवढं विचारणं आणि थांबणं कोडात घातलं. तिसऱ्या सकाळी मशीन पहिल्याच बटणाला उठलं. आजीने किटली पुढे सरकवली आणि शिक्षणाबद्दल काही बोलली नाही.

पुण्यात मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "आपण हँडलर आधी बसवायचा निर्णय घेतला आहे." मी त्यांचं अभिनंदन केलं.

आता कंपनीच्या प्रत्येक मशीनमध्ये पहिल्यांदा स्टॅक, मग हँडलर, मग बाकी सगळं. शिनोलीचं मशीन त्यानंतर थंडीत अडकलं नाही. सहावा महिना संपला आणि मला कायम केल्याचं पत्र मिळालं.