जीव नकोसा होणे : वाक्यात उपयोग करा

मराठी माणसाचा जीव फार पटकन नकोसा होतो. उकाड्याने होतो, मेट्रोच्या खोदकामाने होतो, वरच्या मजल्यावरच्या मिक्सरने होतो, लग्नाच्या पंगतीत कुणी तिसऱ्यांदा जिलबी वाढायला आलं तरी होतो. मी कर्वेनगरात राहते, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि आयुष्यभर हेच बोलत आले. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझा जीव खरोखर नकोसा झाला, तेव्हा ते सांगायला माझ्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं.

खरोखर म्हणजे खरोखर. सकाळी जाग आली की जाग आल्याचाच राग यायचा. घास तोंडात फिरत राहायचा. ग्रंथालयात मुलं पुस्तक मागायची आणि मी कपाटापाशी जाऊन, इथे कशाला आले हे विसरून उभी राहायचे. दुःख म्हणावं असं काही नव्हतं, हीच पंचाईत. मुलगी बंगळूरला मजेत, नवरा निर्व्यसनी, फ्लॅट पूर्वाभिमुख. हे सगळं असताना मला मरून जावंसं वाटत होतं, आणि तसं वाटण्याची भयंकर भीतीही वाटत होती. भीती वाटत होती म्हणूनच मदत मागायला निघाले.

पहिल्यांदा नवऱ्याला सांगितलं. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून. "अहो, मला जीव नकोसा झालाय."

माझा नवरा इंजिनियर आहे आणि बायकोची तक्रार तो कधीच कानाआड करत नाही. दुसऱ्या दिवशी एसीवाला हजर. "गॅसच संपला होता," नवरा विजयी मुद्रेने म्हणाला, "आता बघ कसं वाटतं." त्यानंतर ऐन एप्रिलात आम्ही गोधड्या काढल्या. बाकी सगळं होतं तसंच राहिलं. रविवारी तो म्हणाला, "खडकवासल्याच्या धरणावर जाऊ, कणीस खाऊ, तुला बरं वाटेल." मी नको म्हणाले. का नको, ते सांगितलं नाही. मला स्वतःचा भरवसा वाटत नव्हता.

मग फॅमिली डॉक्टर. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला आणि विचारलं, "बोला, काय होतंय?"

"डॉक्टर, जीव नको झालाय."

"माझाही," ते म्हणाले. "तो कोपऱ्यावरचा सिग्नल बंद पडल्यापासून रोज घरी जाताना होतो." मग पट्ट्यातली हवा जाईपर्यंत ते उड्डाणपुलावर बोलले. रक्त तपासायला सांगितलं. त्यात ड जीवनसत्त्व कमी निघालं. पुण्याच्या उन्हात पन्नास उन्हाळे काढून ड कमी निघावं, हा मला अपमान वाटला. दुधातून पुड्या घेतल्या. ड वाढलं. माझं मात्र जगायचं मन होईना.

शेवटी मीच एका मानसोपचारतज्ज्ञाचा नंबर शोधला. हा शब्द मी पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर कितीदा तरी लिहिला असेल, पण फोनवर उच्चारताना मी अडखळले. पलीकडच्या रिसेप्शनिस्टबाई म्हणाल्या, "नवीन पेशंट ना? जूनच्या शेवटी मिळेल."

"जरा लवकर नाही का जमणार? फार जीव नकोसा झालाय हो."

"अहो, सकाळपासून फोन उचलून आमचाही झालाय. जूनचं लिहू का?"

"लिहा," मी म्हणाले. वर, आपल्याला उगाच त्रास दिला, असंही म्हणाले. मरायला टेकलेला पुणेकरसुद्धा समोरच्याचा वेळ घेतल्याबद्दल दिलगीर असतो.

राहिली हेल्पलाइन. मराठीसाठी तीन दाबायचं होतं, ते मी दाबलं, आणि पलीकडे एक गोड आवाजाचा मुलगा हिंदीत बोलू लागला. आता आली का पंचाईत. माझं हिंदी भाजीवाल्यापलीकडे कधी गेलेलं नाही. तरी धीर करून म्हटलं, "भैया, मुझे जान नको हो गई है."

"किसकी जान, मॅडम?"

"मेरीच."

"आपकी जान कौन ले रहा है?" त्याने इतक्या काळजीने विचारलं की मला हसू फुटलं. कित्येक दिवसांत हसले नव्हते, तेवढीच त्याची मदत. "घबराइए मत, मराठीवाले को देता हूँ," तो म्हणाला, गाणं लागलं, आणि गाण्याच्या मध्येच फोन कटला. पुन्हा नंबर फिरवायचं बळ माझ्यात उरलं नाही. पलंगावर बसून मी मनाशी म्हटलं, झालं, सगळ्यांना सांगून झालं.

त्यानंतरच्या शनिवारी मी ताईकडे गेले, तेही मन मोकळं करायला नव्हे, तर मेथांब्याचा डबा परत द्यायला. ताई माझी मोठी बहीण, पेठेत राहते. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे, पण घरी आलेल्या लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ अजून लाल पेनने सुधारते. तिच्याकडे मनातलं बोलायला जाणं म्हणजे तोंडी परीक्षेला बसणं. म्हणून तिला मी सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं.

ती आमटी ढवळत होती. डबा हातात घेतला, तोलला आणि झाकण उघडलं. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात.

"रिकामा?"

"लक्षात नाही राहिलं गं. जीव नकोसा झालाय."

ताईने डाव थांबवला. "वाक्प्रचार म्हणून म्हणतेस, की शब्दशः?"

एवढ्या दिवसांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी ओट्याला धरलं. "शब्दशः," म्हणाले, आणि रडायला लागले.

आमच्या घरात जवळबिवळ घ्यायची पद्धत नाही. ताईने गॅस बंद केला, घरच्या गाऊनवर ओढणी घेतली आणि म्हणाली, "चप्पल घाल." जी बाई दूध आणायलाही इस्त्रीची साडी नेसून जाते, ती गाऊनवर रिक्षात बसली, हे पाहून मला कळलं की आपलं म्हणणं पोचलं. रिक्षात तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची, तसं.

मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात फोनवरच्याच रिसेप्शनिस्टबाई होत्या. "अपॉइंटमेंट?"

"जूनची," मी म्हणाले.

ताईने मला बाजूला सारलं. "हिला जगावंसं वाटत नाही. मरावंसं वाटतं. यात अलंकार नाही, हे सरळ विधान आहे."

बाईंचं पेन थांबलं. "मग फोनवर सांगायचं ना तसं."

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "जीव नकोसा झालाय म्हणून."

"अहो, पण ते तर..." त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे नीट पाहिलं, उठल्या आणि दारावर टकटक न करताच आत गेल्या. पाच मिनिटांत मी डॉक्टरांसमोर होते. त्यांनी सरळ विचारलं, "मरायचे विचार येतात का?" सरळ विचारल्यावर सरळ सांगता येतं. मी सगळं सांगितलं, खडकवासल्याला जायला का नको म्हणाले तेही. बाहेर ताई भिंतीवरच्या सूचनेतला चुकीचा अनुस्वार बाईंना दाखवत होती. तिचा आवाज आतपर्यंत येत होता आणि मला तो फार बरा वाटत होता.

संध्याकाळी आमच्या घरी येऊन ताईने माझ्या नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तो एसीच्या रिमोटकडे बघत राहिला. "मी गॅस भरून घेतला," एवढंच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

औषधं सुरू झाली, दर आठवड्याला जाऊन बोलणं सुरू झालं. एकदम काही झालं नाही. पण दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी जाग आली आणि राग आला नाही. चहा प्यावासा वाटला.

यंदा थंडीत खडकवासल्याला जायची गोष्ट मीच काढली. रविवार असल्यामुळे अख्खं पुणं तिथे लोटलं होतं. गाडी लावायला जागा नाही, कणीस मिळायला रांग, त्यात मागून कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता. मी कावून म्हणाले, "या गर्दीने जीव नकोसा झालाय."

नवऱ्याने कणीस खाली केलं. या माणसाला शाळेत मराठीत जेमतेम पास केलं होतं. पाण्याकडे पाठ करून तो माझ्यासमोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "वाक्प्रचार ना?"

"वाक्प्रचार."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले. "लिंबू लावा अजून थोडं."