पडद्याची मोटार

आमचे हे फार उंच. अंबडच्या कचेरीत वकिली करत आणि जालन्याहून टांग्याने जात-येत. एकदा टांगा उलटला. उजवा गुडघा असा जुळून आला की पुन्हा वाकलाच नाही. टांग्यात चढता येईना, बसच्या बाकांमध्ये तो ताठ पाय मावेना, आणि बैलगाडी पोचेपर्यंत कचेरी उठायची. पक्षकार एकेक करून दुसऱ्या वकिलांकडे गेले. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. ताट जसंच्या तसं परत यायचं.

"तू माहेरी जा," एकदा म्हणाले. "इथं आता काही उरलं न्हाई."

मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. हा माणूस उठला नाही तर असाच संपणार, हे मला दिसत होतं.

शेवटी माझ्या पाटल्या मोडून जुनी मोटार घ्यायचं ठरलं. पाटल्या माझ्या, पाय यांचा, आणि निवडायला गेले धाकटे दीर! बाईमाणसाला मोटारीतलं काय कळतं? भावजी उंचीने माझ्याएवढेच. त्यांनी स्वतः बसून पाहिलं, "बिलकुल बराबर आहे" म्हणाले आणि एक चकचकीत हिरवी गाडी दारात आणून उभी केली. यांना दोघांनी धरून आणलं. पाय आत गेला तर डोकं बाहेर. डोकं आत घातलं तर पाय दारात अडकला. सगळी गल्ली जमली होती. कुणीतरी फिसकन हसलं.

"मला घरात न्या," एवढंच हे बोलले. त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नाही.

दलालाने गाडी परत घेतली हे नशीब. दुसऱ्या दिवशी दुपारी यांचा डोळा लागलेला पाहून मी सुतळी घेतली आणि कमरेपासून टाचेपर्यंत लावून पाहू लागले. तेवढ्यात सासूबाई आल्या.

"अगं, जित्या माणसाचं निजवून माप घेऊन राह्यलीस? तिरडी बांधायची का त्याची?"

हे जागे झाले. माझ्या हातातल्या सुतळीकडे त्यांनी पाहिलं.

"घेऊ दे तिला," म्हणाले. "मंग कामाला येईल."

पण माप मी पुरं केलं, गाठ मारली, डोक्यावरून पदर घेतला आणि भावजींना म्हटलं, "चला. तुम्ही बोला, मी पाहते."

दलाल भावजींना इंजिनं दाखवत होता. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, ते बरंच झालं. मागे एक काळी, अवजड गाडी धूळ खात पडली होती. कुण्या जहागीरदाराच्या घरच्या बायकांची. खिडक्यांना जाड पडदे, रुंद दार, आणि लेकरंबाळं, पेट्या मावाव्यात म्हणून आत ऐसपैस जागा. मी आत चढले आणि सुतळी ताणून धरली. पुढे चांगली वीतभर जागा उरली.

"हीच घ्यायची," मी म्हणाले.

"वहिनी, ही जनानी मोटार! दादा हिच्यात बसून कचेरीत जाणार? लोक बांगड्या पाठवतील त्यास्नी."

"पाठवू द्या. माझ्या पाटल्या गेल्यात, मी घालीन."

गाडी घरी आली. यांनी पडद्यांकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. मला वाटलं, आता पुन्हा भिंतीकडे वळणार. पण कसेबसे आत बसले, पाय लांब केला. पडदे काढते म्हटलं तर म्हणाले, "राहू दे. ओढूनच घे. मी कुणाला दिसायला नको."

अंबडला जाताना पाय उचलून द्यायला मी शेजारी बसले. कचेरीच्या आवारात गाडी थांबली. बाहेर माणसांचा गलबला ऐकताच यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"परत चल. मला न्हाई जमणार. लोक बघून राह्यलेत."

मी पडदा बोटभर सारला. पक्षकार, चपराशी, शेरवानीतले वकील, सगळे आमच्याकडे पाठ करून उभे होते. पडद्याची मोटार आली की पुरुषांनी तोंड फिरवायचं, हा तिथला रिवाज.

"कुणी बघत न्हाई हो," मी म्हणाले. "बाई उतरणार वाटतंय त्यांना."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग पाय बाहेर काढला. किती वेळ लागला! घामाने भिजले, माझ्या खांद्यावर भार टाकून कण्हले, एकदा तर दारातच कोसळणार होते. त्यातलं कुणीही काही पाहिलं नाही. जमिनीवर दोन्ही पाय टेकल्यावर यांनी शेरवानी सारखी केली, पूर्ण उंचीने उभे राहिले आणि खाकरले.

सगळे वळले. "अरे, वकीलसाहेब!" कुणीतरी ओरडलं, आणि गर्दी यांच्याभोवती जमली. मी हात लांबवून पडदा ओढून घेतला आणि आत बसून पोटभर रडले.