दर्शनी बाजूची दोरी

वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या काकांना अख्खी वसाहत पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणायची. एकशे बारा घरं, सगळी एकाच साच्यातली. बांधणाऱ्यांनी सगळं आखून दिलं होतं. उरलंसुरलं आखायला काका सोसायटीचे सचिव झाले. कुंपणाची मेंदी कमरेएवढी हवी, पण कोणाच्या कमरेएवढी, यावर त्यांनी तीन बैठका घेतल्या आणि शेवटी स्वतःची कंबर मोजून दिली.

त्यांचा सगळ्यांत लाडका नियम सतरावा: दर्शनी बाजूला कपडे वाळत घालू नयेत. समोरच्या घरातल्या, दातांच्या डॉक्टरीणबाई बाळंत होऊन घरी आल्या, तेव्हा बाळाच्या दुपट्यांबद्दल काकांची नोटीस बारशाच्या आधी पोचली होती.

अडचण एवढीच, की मागच्या अंगणात ऊन फिरकायचंच नाही. काकूंनी चार वर्षं दमट कपड्यांच्या निमूट घड्या घातल्या. पण एका सकाळी बनियनला कुबट वास येतो म्हणून काका कुरकुरले, आणि काकू बादली उचलून पुढच्या गॅलरीत गेल्या. रस्त्यावरून नीट दिसेल अशी दोरी बांधून त्यांनी काकांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या ओळीने टांगल्या.

काका फेरीवरून परतले, तर डॉक्टरीणबाई बाळाला कडेवर घेऊन फाटकाशी उभ्या होत्या, आणि बाळ टाळ्या पिटत होतं. काकांच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी नोटीस लिहिली, सही-शिक्का केला आणि बाहेर जाऊन स्वतःच्याच पत्रपेटीत टाकली. काकूंनी ती वाचली आणि तिच्याच पाठीवर उत्तर लिहून सोसायटीच्या समितीकडे धाडलं: कपडे मागे कसे वाळतात, ते सचिवांनी प्रत्यक्ष दाखवावं.

समितीला यात गैर काही दिसलं नाही. रविवारी सकाळी दहा वाजता सगळ्या सभासदांसमोर काकांनी स्वतः धुतलेली चादर मागच्या अंगणात पसरली. दर अर्ध्या तासाने ते हात लावून “येतेय, वाळत येतेय,” म्हणत राहिले. चार वाजता डॉक्टरीणबाईंनी चादरीचं टोक पिळलं. थेट काकांच्या बुटावर धार लागली.

सतरावा नियम हात वर करून रद्द झाला. विरोधात एकच हात होता, आणि तोही ओला.

दुसऱ्या दिवशी घराघरांच्या पुढच्या गॅलऱ्या कपड्यांनी भरल्या. काका सकाळपासून कागद घेऊन बसले होते. निदान सगळीकडचे चिमटे तरी एकाच रंगाचे असावेत, असा नवा ठराव त्यांनी अर्धा लिहिला होता.

काकू बादली घेऊन दारात थांबल्या.

“अहो, ते नंतर लिहा. आधी ही धरा.”

काकांनी पेनाला टोपण लावलं आणि बादली धरली. गॅलरीत चड्ड्या हातात देताना मात्र त्यांनी एकदाच, अगदी हळू आवाजात विचारलं, “या जरा टॉवेलच्या मागे घालता येतील का?”

काकूंनी थोडा विचार केला आणि टॉवेल सरकवला.