गुलामांचं तळं

भूगोलाच्या सरांनी उत्तर अमेरिकेचा नकाशा फळ्यावर टांगला होता. कॅनडाच्या पार वरच्या अंगाला, जिथे हिवाळ्यात गाड्या गोठलेल्या पाण्यावरून धावतात, तिथे गोड्या पाण्याची दोन अवाढव्य सरोवरं आहेत. वरचं अस्वलाच्या नावाचं. ते त्यांनी सरपंचाच्या मुलाला दाखवायला लावलं. खालचं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं: ग्रेट स्लेव्ह लेक. स्लेव्ह म्हणजे गुलाम, हे त्यांनी आधी वर्गाला नीट समजावलं, मग मला उठवलं.

“ये, तुमचं तळं दाखव.”

वर्ग हसला. मी अचूक जागी बोट ठेवलं, तर आणखी हसला. शाळा सुटेपर्यंत मी ‘तळ्यावरची’ होते. सरांना पुढे आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला. सत्काराचं आमंत्रण मलाही होतं, मी गेले नाही.

मी नाशिकच्या एका शाळेत भूगोलच शिकवायला लागले, तेव्हा त्या नावाची गोष्ट वाचली. तिथल्या लोकांनी स्वतःला कधी गुलाम म्हटलंच नव्हतं. त्यांचे वैरी त्यांना हिणवून तसं म्हणत. गोऱ्यांनी वैऱ्यांना विचारलं आणि मिळालेलं उत्तर इंग्रजीत करून नकाशावर छापलं. ज्यांचं पाणी, ते त्याला आपल्या भाषेत नुसतं मोठं पाणी म्हणायचे. मी हे नानांना, माझ्या वडिलांना, सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. त्यानंतर मी घरी गेले की ते हमखास विचारायचे, “बदललं का गं त्या तळ्याचं नाव?” बदललेलं नसायचं.

वणीच्या रस्त्याला असलेल्या आमच्या वस्तीचं नावही गावानंच ठेवलेलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही. सरकारनं तसली नावं काढली आणि फाट्यावर ‘समतानगर’ अशी पाटी लागली. नाना द्राक्षांच्या पॅकहाऊसवर आयुष्यभर वॉचमन होते, त्यांना या पाटीचं फार अप्रूप. घरात जुनं नाव काढायची कोणाची बिशाद नव्हती. लग्नपत्रिकेवर ते दिसलं, तर नाना स्वतः जाऊन पत्रिका परत करायचे.

मागच्या उन्हाळ्यात भरदुपारी त्यांच्या छातीत कळ आली. मी सुट्टीला घरीच आले होते. मी ॲम्ब्युलन्स बोलावली, समतानगर सांगितलं. थोड्या वेळानं ड्रायव्हरचा फोन आला. तो फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी उभा होता.

“ताई, हितं समतानगर कोणालाच माहीत नाय. दुसरं काय नाव हाय का?”

पाटी त्या टपरीला खेटून आहे, पण तिच्यावर द्राक्षांच्या औषधाचं पोस्टर चिकटवलेलं. नाना खाटेवर घामाघूम झाले होते. त्यांनी हात हलवून मला नको म्हटलं. मी जुनं नाव सांगितलं. फोनमध्ये टपरीवरचं हसणं ऐकू आलं, मग कोणीतरी म्हणालं, “मग असं सांगा ना.” गाडी लगेच दारात आली.

मला त्याचा पश्चात्ताप नाही. बाप डोळ्यांसमोर तडफडत असताना पाटीची अब्रू सांभाळायची नसते.

नाशिकला हॉस्पिटलच्या खिडकीवर माणसानं पत्ता विचारला. नानांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि समतानगर म्हणाले. ते कुठे आलं, असं त्यानं विचारलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं.

“हिला विचारा. तिला दुसरं नाव माहीत हाय.”

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

शववाहिनीत मी पुढे बसले होते. फाट्यावर आलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. ड्रायव्हरनं कुठे वळायचं विचारलं. मी म्हटलं, टपरीवर विचार, समतानगर कुठे ते. तो उतरून गेला. टपरीवर पाच-सहा जण होते, सगळे कपात बघत बसले. ड्रायव्हर परत आला, कोणालाच ठाऊक नाही म्हणाला, आणि मला पुन्हा रस्ता विचारला. मी सांगितला नाही. आज मला घाई नव्हती. मागून नानांच्या अंगावरच्या फुलांचा आंबूस वास यायला लागला. गिऱ्हाईकं एकेक करून उठून गेली. शेवटी चहावाला बाहेर आला. आमच्याकडे न बघता त्यानं वस्तीच्या दिशेनं हात केला. नाव घेतलं नाही.

ड्रायव्हरनं गिअर टाकला. मी त्याला गाडी बंद करायला सांगितलं.