सुमतीबाईंच्या घरी उतरलेली कृपा

सुमतीबाई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की मी चर्चमधल्या पंख्याकडे बघत बसायचे. रविवारच्या उपासनेत ज्याला वाटेल त्याने उभं राहून प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगावं, ही आमच्या मंडळीची रीत. सुमतीबाई दर रविवारी सांगत. त्यांचे यजमान दानिएलभाऊ आणि आमचे हे, दोघांनाही गेल्या पावसाळ्यानंतर अर्धांगवायूचा झटका आला होता. घरसभा दोघांसाठी झाल्या, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून दोघांसाठी प्रार्थना केली. दानिएलभाऊ काठीशिवाय चालू लागले. ह्यांची मात्र वाचा गेली ती गेलीच. ज्या माणसाने इतकी वर्षं चर्चची गायकमंडळी सांभाळली, पेटीवर बसून चुकणाऱ्याला नुसत्या भुवईने गप्प केलं, तो आता पाण्यासाठीसुद्धा बोट दाखवायचा.

मला हेवा वाटत होता. आडपडदा कशाला ठेवू, नुसता जळफळाट व्हायचा. मासळीबाजारात सुमतीबाई दिसल्या की मी पाठमोरी होऊन उगाच बांगड्यांच्या भावावरून हुज्जत घालत राहायचे. प्रभू सगळ्यांचा आहे म्हणतात, मग त्याला आमचंच दार कसं दिसलं नाही? आम्ही त्याचं काय घोडं मारलं होतं? प्रार्थनेला डोळे मिटले की समोर सुमतीबाई आणि त्यांचा तो उजळलेला चेहरा. मी फार मागत नव्हते. ह्यांनी पूर्वीसारखं एकदा "अगो" म्हणून हाक मारावी, एवढंच. शेवटी उपासनेला जाणंच सोडलं. ह्यांना एकटं कसं ठेवू, ही सबब तयारच होती.

एके दिवशी उन्हं कलताना अंगणातून हाक आली, "वहिनी, आहात काय घरात?" दारात दानिएलभाऊ. त्यांच्या गावाहून, पालीहून, एसटीने एकटेच आले होते, हातात ओल्या काजूगरांची पुडी. एकटे, तेही एसटीने! आपले पाय दाखवायला आलेत, हेच माझ्या मनात पहिलं आलं. मी चहा टाकला, पण साखर हात आखडून घातली.

ते ह्यांच्या खाटेशी बसले. एकट्याने किती बोलणार? "चल, गीत म्हणूया," म्हणत त्यांनी डोळे मिटून संध्याकाळच्या प्रार्थनेचं एक गीत धरलं. त्या गीताच्या आमच्याकडे दोन चाली आहेत, एक देशी, एक विलायती. दानिएलभाऊ सुरू एकीत करतात आणि दुसऱ्या ओळीला बेधडक दुसरीत घुसतात. ह्यावरून ह्यांनी त्यांना किती वेळा झापलं असेल! त्या दिवशीही ते तसेच घुसले. खाटेवर थाड्कन हात आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ तीच ओळ, बरोबर चालीत, एकेक शब्द लागलेला. आवाज घोगरा होता, पण ह्यांचा होता.

मी कप घेऊन दारात थिजले. ह्यांनी कडवं पुरं केलं. दानिएलभाऊ रडता रडता हसत म्हणाले, "मेल्या, अजून माझ्याच चुका काढतोस काय रे?"

डॉक्टर नंतर म्हणाले, बोलणं गेलं तरी काहींचं गाणं शाबूत राहतं. असेल. मला त्यावर वाद घालायचा नाही.

मला आनंद झाला, आणि लाज वाटते सांगायला, पुन्हा हेवाही वाटला. इतके महिने उशाशी मी बसले, आणि तोंड उघडलं ते एका बेसूर माणसासाठी! चुलीपाशी जाऊन मी प्रभूशी चांगलं कडाकडा भांडले. भांडता भांडता वाटलं, दानिएलभाऊ उठले नसते, तर आज एसटीत कोण चढलं असतं? ज्या बरं होण्यावर मी इतके दिवस जळत होते, तेच तर पायांनी चालत माझ्या घरी आलं होतं. आतापर्यंत कृपेचं माप मीच लावत होते, आणि तेही शेजारच्या ताटाकडे बघून. मी चुलीपुढेच मान खाली घातली. चहात आणखी साखर घातली आणि बाहेर नेला.

हे अजून बोलत नाहीत, गातात फक्त. माझी हाक राहिलीच आहे. उपासनेला मी पुन्हा जाऊ लागले आहे, आणि सुमतीबाई साक्ष द्यायला उठल्या की आजही आत कुठेतरी टोचतं. पण आता प्रार्थनेला बसले की मी आधी दानिएलभाऊंच्या पायांसाठी आभार मानते. ह्यांची वाचा त्यानंतर मागते, आणि कधी द्यायची ते त्याच्यावर सोडते.